दाढेखालचा दाणा

लातूर
१२ नोव्हेंबर २०२४

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. अंबिका हिस,
अण्णाचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाडव्याचं पत्र शनिवारी मिळालं. पोस्टमन म्हणाला, अप्पा, या गल्लीत बँकेच्या नोटिसा सोडल्या तर पत्र फक्त तुमचंच येतं. मी त्याला सांगितलं की बहिणीच्या कानातलं यंत्र फोन लावला की शिट्टी मारतं, आणि मोबाइलवर लिहावं तर ते तिच्याआधी सूनबाई वाचते. वर्षाराणीला हे वाचून दाखवू नकोस.

मोठी बातमी अशी की माझं ठरलं. पाडव्याची पूजा झाल्यावर रुद्रेशने मला गादीवर शेजारी बसवून घेतलं. ईश्वरप्पा मालकांच्या वेळी मी या दालमिलला लागलो, तेव्हा त्यांचा रुद्रेश चड्डीत फिरायचा. आता तो मालक आहे आणि मला सदुसष्टावं लागलंय. मीच त्याला म्हणालो की मला एकदम उठवू नको, हळूहळू सोड. त्याप्रमाणे आता आठवड्यातले चार दिवस, सोमवार ते गुरुवार. गुढीपाडव्यापासून दोन दिवस. पुढच्या दिवाळीला शाल आणि नारळ. तुझ्यासारखं एका दिवसात व्हायला नको. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तू साडी नेसून, पर्स घेऊन दारापर्यंत गेली होतीस, हे शिवप्रसादरावांनी मला कधीच सांगून टाकलंय.

माझ्या जागी व्यंकटी येतोय. शिरूर अनंतपाळचा. त्याचा बाप आमच्याच मिलमध्ये पोती उचलता उचलता गेला. पोरगं हमालीतून वर आलं, आता पस्तिशीचं आहे, सहा वर्षं माझ्याबरोबर मार्केट यार्डात फिरतंय. मला उस्ताद म्हणतो. या दिवाळीच्या पाडव्यापासून खरेदीच्या चिठ्ठीवर सही त्याची, असं रुद्रेशने ठरवलं. त्याला जबाबदारीची सवय व्हावी म्हणून.

आणि हो, मी तूर खाऊन पगार घेतो असं तू सुनेला सांगितलंस म्हणे. तिला नीट सांग. सौदा चालू असताना ढिगातला दाणा दाढेखाली धरायचा. वाळलेला कट् करून तुटतो, ओला दबतो. मी गिळला तर आमची मिल तो माल घेते, थुंकला तर पुढे चालते. ओल मोजायचं यंत्र मिलमध्ये आहे, पण माझ्या तोंडून गेलेल्या मालाला ते लावायची आमच्याकडे पद्धत नाही. मालकांनी घालून दिलेला तो मान आहे.

आता खरं ते लिहितो. श्रावणात तुझ्याकडे सप्ताह आहे म्हणून इथे सांगून आलो आणि दोन्हीकडच्या दाढा काढून काढता-घालता येणाऱ्या नव्या बसवून घेतल्या. भाकरी चावते, शेंगदाणे चावतात. पण अंबिका, या दाढांना काही कळत नाही. दाणा तुटला एवढं समजतं, कसा तुटला ते समजत नाही. हाताला लागतो तो गारवा आणि वास यांवर मी भागवतोय. आत्तापर्यंत भागलं, कारण बाजारात जुनी, वाळकी तूर होती. नवी तूर येईल तेव्हा काय करावं? तुम्ही दोघं आणि घरात शिवम्मा, यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. रुद्रेशला सांगून टाकावं का? मला भीती वाटते, आणि या वयात भीती वाटते म्हणून लाजही वाटते.

शिवप्रसादरावांना नमस्कार. लोभ आहेच, तो आहे तेवढा तरी राहू दे.

तुझा,
अण्णा


विष्णुपुरी, नांदेड
२० नोव्हेंबर २०२४

॥ ॐ नमः शिवाय ॥

ती. अण्णास,
अंबिकाचा शि. सा. न. वि. वि.

साडी नेसून दारापर्यंत गेले हे खरं, पण पर्स नव्हती. यांना गोष्टी रंगवून सांगायची सवय आहे. तरी त्या दिवसाची आठवण आजही नको वाटते. बत्तीस वर्षं शाळेत होते. साडेअकराला सत्कार झाला, बारा वाजता माझ्या कपाटाची किल्ली दुसऱ्या बाईंच्या हातात होती. म्हणून तुझं चार दिवस, मग दोन दिवस हे ऐकून मला फार बरं वाटलं. माणसाला असंच सोडायला हवं. वहिनीला मात्र विचार, तिला तू दोन दिवस जास्तीचा घरात चालणार आहेस का.

दाढांचं म्हणशील तर माझं ऐक, कुणाला काही बोलू नकोस. शेवटची तीन वर्षं मला वर्गात मागच्या बाकावरचं ऐकू येत नव्हतं. मी मुलांच्या ओठांकडे बघून उत्तरं द्यायचे. कुणाला कळलं नाही आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मुख्याध्यापकांना सांगितलं असतं तर त्यांनी मला कार्यालयात बसवून कागद लावायला दिले असते आणि सगळ्यांनी कीव केली असती. तुला कीव सोसत नाही. लहानपणी झाडावरून पडलास तेव्हासुद्धा रडायच्या आधी कुणी बघितलं का ते बघितलं होतंस.

तू रुद्रेशला सांगितलंस की संपलं. तो चांगला आहे, पण व्यापारी आहे. दुसऱ्या दिवशी शाल आणि नारळ आणेल. व्यंकटीचे दात तरणे आहेत ना? मग त्याला आधी चावू दे आणि त्याच्या तोंडाकडे बघ. मी ओठ बघायचे तसं. एका वर्षाचा तर प्रश्न आहे.

इकडे धरण भरलेलं आहे आणि यांचा गुडघाही. रोज संध्याकाळी दोघांची पातळी बघायला आम्ही पुलापर्यंत जातो. वर्षाराणीला कॉलेजात पुन्हा तासिकेवर घेतलंय.

आठवण काढत जा, आणि काढलीस की कळवत जा.

तुझी,
अंबिका


लातूर
५ जानेवारी २०२५

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. अंबिका हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

येळवस झाली. अमावस्येला शिवम्माच्या माहेरच्या शेतात पूजेला गेलो होतो. भज्जी, आंबील, सगळं यथासांग. मी दोनदा वाढून घेतलं हे तुला तिच्याकडून कळण्याआधी मीच कळवतो.

सुट्टीचे दिवस मात्र अंगावर येतात. शुक्रवार, शनिवार आणि मिल बंद म्हणून रविवार. पहिला शुक्रवार झोपून काढला. दुसऱ्या शुक्रवारी घरातल्या सगळ्या घड्याळांची वेळ जुळवली. तिसऱ्या शुक्रवारी शिवम्मा म्हणाली, सुट्टी तुम्हाला दिलीय का मला सजा दिलीय, जावा बापा यार्डात. तेव्हापासून शुक्रवारीही जातो. हजेरी लागत नाही, पगार नाही, नुसता जाऊन उभा राहतो. चार लोक रामराम करतात, शरणार्थ म्हणतात. तेवढ्यावर शनिवार निघतो.

परवाच्या शुक्रवारीही गेलो. नव्या तुरीची आवक सुरू झालीय, आणि हवा आठ दिवसांपासून ढगाळ. ऐंशी पोत्यांचा एक ढीग लागला होता. दाणा टपोरा, रंग सुरेख. व्यंकटी दाणा उचलायला वाकला होता, तेवढ्यात त्याने मला पाहिलं आणि बाजूला सरकला. आज तुझा दिवस आहे, तूच चाव, असं मी म्हणायला हवं होतं. तू लिहिलं होतंस ते माझ्या डोक्यातही होतं. पण आजूबाजूला आडते होते, दुसऱ्या मिलची माणसं होती, तो मान देत होता आणि मी तो घेतला. शागिर्दाने आधी चावायचं आणि उस्तादाने त्याच्या तोंडाकडे बघायचं, हे मला जमलं नाही. खरं सांगायचं तर एकदाही जमलेलं नाही.

दाणा तुटला. कसा तुटला ते देवाला ठाऊक. हाताला गार लागला होता, पण पौषातल्या सकाळी सगळंच गार लागतं. मी गिळला. मग व्यंकटीने एक दाणा चावला आणि माझ्याकडे पाहिलं. दुसरा चावला. पुन्हा पाहिलं. मी ढिगाकडे बघत राहिलो. त्याने मान हलवली, खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीवर सही केली. पोती संध्याकाळपर्यंत गोदामात गेली, वाळक्या मालाच्या थप्प्यांना लागून.

अंबिका, तो माल ओला होता असं मला वाटतं. माझ्या दाढेने नाही सांगितलं. व्यंकटीच्या बघण्याने सांगितलं. उद्या सोमवार. गेल्या गेल्या पोतं फोडून यंत्र लावा असं सांगावं का? पण मग का, असं विचारतील. तुझं पत्र लवकर येऊ दे.

लोभ धर.

तुझा,
अण्णा


विष्णुपुरी, नांदेड
१३ जानेवारी २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

उद्या संक्रांत. तिळगूळ पाकिटात घातला तर पोस्टातल्या मुंग्यांचीच संक्रांत गोड होईल, म्हणून नुसतं लिहिते, गोड बोल.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, आजच्या आज सांगावं, पोतं फोडून यंत्र लावायला पाच मिनिटं लागतात. ते म्हणतात तसं सोपं असतं तर मीही तेच लिहिलं असतं. पण तू एकदा तोंड उघडलंस की तुझ्या दाढा बाहेर येणार, चार दिवस नाही की दोन दिवस नाही, त्याच दिवशी घरी. एक्केचाळीस वर्षांचं नाव एका ढिगापायी घालवायचं का? तुला नक्की ठाऊकही नाही. हवा उघडली की माल गोदामातच सुकेल. व्यंकटी काही बोलला असता ना, ओला वाटला असता तर? तो लहान नाही.

थोडं थांब. मीही सिद्धेश्वराला नारळ बोलते. आणि शुक्रवारी यार्डात जाऊ नकोस, वहिनी काहीही म्हणो.

बाकी भेटीअंती. प्रेम आहे ते तुला ठाऊक आहे.

तुझी,
अंबिका


लातूर
४ फेब्रुवारी २०२५

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. अंबिका हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

माल तापला. थप्पीच्या मधल्या पोत्यांत हात घातला तर चटका बसावा इतका. आत बुरशी, वास. शेजारच्या वाळक्या थप्प्यांनाही लागला. त्यातली काही तूर आधीच भरडून डाळ होऊन बाहेर गेली होती, तीही परत आली, आणि वर पेठेत आमच्या मिलच्या नावाने बोलणी झाली. रुद्रेशने शुक्रवारी खरेदीच्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या. चिठ्ठीवर तीन जानेवारी आणि व्यंकटीची सही. त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं.

शुक्रवारी म्हणजे माझ्या सुट्टीला. यार्डात जाऊ नकोस असं तू लिहिलं होतंस, म्हणून मी घरीच होतो. मला सगळं काल सोमवारी कळलं. वीरण्णा मुनीमने सांगितलं की रुद्रेशने व्यंकटीला दोन वेळा विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून घेतला? आणि व्यंकटी दोन्ही वेळा म्हणाला की दात माझा, सही माझी, चूक माझी. माझं नाव त्याने घेतलं नाही. वीरण्णा म्हणाला, पोरगं मान खाली घालून गेलं, आपला डबासुद्धा विसरून गेलं.

तेवढ्यात रुद्रेश आला. मला म्हणाला, काका, तुम्ही असता तर हे झालं नसतं. मी तिथे उभा होतो, तोंडात जीभ होती, आणि मी काही बोललो नाही. शिपायाने चहा आणला, मी तो घेतला. बशीत ओतून, फुंकून, शेवटपर्यंत घेतला. मग यार्डात गेलो आणि अकरा ढीग पारखले.

आमच्या धंद्यात पारख्याचं नाव गेलं की गेलं. ओला माल घेणारा म्हणून बोभाटा झाला की लातूरच काय, उदगीरच्या यार्डातही कुणी उभं करत नाही. सहा वर्षं शिकला तो. आता तो कुठे जाईल? त्याच्या दातात काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती आणि ती त्याच्या सहीवर खपली.

शिवम्मा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि उठून जाते.

अण्णा


विष्णुपुरी, नांदेड
१० फेब्रुवारी २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

ताबडतोब जा आणि रुद्रेशला सगळं सांग. हे मी महिन्यापूर्वी लिहायला हवं होतं. हे म्हणत होते आणि मी ऐकलं नाही. तू मला विचारलं होतंस, एकदा नाही, दोनदा, आणि मी तुला गप्प बसवलं. माझा धाकटेपणा इथे उपयोगाचा नाही, हे पाप निम्मं माझं आहे.

कुणाचं काही बिघडलं नाही असं मी तुला माझ्या शाळेबद्दल लिहिलं होतं. चार दिवस झाले, तेच वाक्य डोक्यात फिरतंय. मला ते कसं ठाऊक? मागच्या बाकावरून कुणी काय विचारलं आणि मी त्याला कशाचं काय उत्तर दिलं, हे मला कधी कळणारच नव्हतं. एक मुलगी होती, वहीत सगळं उतरवून घ्यायची. तिने विचारणं सोडून दिलं होतं. मला वाटायचं, हुशार आहे, तिला विचारायची गरज पडत नाही.

जा अण्णा. शाल नको आणि नारळही नको. माणूस परत आण.

तुझी,
अंबिका


लातूर
२८ फेब्रुवारी २०२५

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. अंबिका हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

शिवरात्र झाली, जत्रेची गर्दी अजून आहे. तुझा बोललेला नारळ मी फोडला नाही. तो कशासाठी बोलली होतीस ते आठवलं आणि हात उचलेना.

सतरा तारखेला रुद्रेशच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं आणि पहिल्यापासून सांगितलं. श्रावण, दाढा, शुक्रवार, ऐंशी पोती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग वीरण्णाला हाक मारून हजेरीचं पुस्तक मागवलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाला, काका, तीन तारखेला तुमची सुट्टी होती. मी म्हणालो, तरी मी यार्डात होतो, लोकांनी पाहिलंय. तर म्हणतो कसा, तुम्ही यार्डात रोजच दिसता, कुठल्या दिवशी दिसला नाहीत ते कोण सांगणार? मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, पोरावर तुमचा जीव होता, मला समजतं, पण असं स्वतःच्या अंगावर घेऊन नका राहू.

मी दोन्हीकडच्या दाढा काढून त्याच्या टेबलावर ठेवल्या. वीरण्णाने तोंड फिरवलं. रुद्रेश म्हणाला, अर्ध्या यार्डाला कवळी आहे, आमच्या बाबांनाही आहे, पारख काय दातात असते का? ती तुमच्या रक्तात आहे. मग मी म्हणालो, तीन वाट्या आणा आणि यंत्र आणा. वीरण्णाने तीन पोत्यांतली तूर आणली. मी मनापासून चावलं, अंबिका. देवाशपथ सांगतो, ओळखायचा पूर्ण प्रयत्न केला. तिनातल्या दोन चुकल्या. यंत्राने दाखवलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, म्हटलं आता तरी पटेल. वर पाहिलं तर वीरण्णाच्या डोळ्यांत पाणी. त्याला वाटलं, मी मुद्दाम चुकलो. व्यंकटीला वाचवायला.

संध्याकाळपर्यंत यार्डभर झालं. एका आडत्याने भर सौद्यात माझ्या पायाला हात लावला, म्हणाला, असा उस्ताद आता होणे नाही. शागिर्दाची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा. आणि त्याच माणसाने पुढच्या वाक्यात व्यंकटीला नालायक म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाला खाली बघायला लावलं म्हणून. मी बोलत गेलो तसा मी चढत गेलो आणि तो उतरत गेला.

आता ऐक. व्यंकटी गेला, दुसरा कुणी तयार नाही, म्हणून रुद्रेशने मला पुन्हा सहा दिवस लावले. गुढीपाडव्याचं नाव नाही, दिवाळीचं नाव नाही. तोंडाला येईल तसं गिळतो आणि थुंकतो, आणि सगळे माना हलवतात. निघताना प्रत्येक मालातला मूठभर दाणा वीरण्णाच्या नजरेआड यंत्राला लावतो, ओली निघालेली पोती बाजूला लावायला सांगतो आणि मग घरी येतो. मला कुणी पकडत का नाही?

शिवम्मा बोलायला लागली. तेवढं एक.

लोभ असू दे, त्याची आत्ता गरज आहे.

तुझा,
अण्णा


विष्णुपुरी, नांदेड
६ मार्च २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

रुद्रेशला पटो न पटो, यार्डाला पटो न पटो. खरं ऐकायचा हक्क ज्याचा आहे त्याला तू अजून सांगितलेलं नाहीस. व्यंकटीला वाटत असेल की आपला दात लबाड निघाला. त्याचा दात खरा होता, एवढं तरी त्याला कळू दे. शिरूर अनंतपाळ काही परदेश नाही, एसटीने जा. हे सोबत यायला तयार आहेत, गुडघ्यासकट.

मला मात्र धीर होत नाही. त्याने विचारलं की तुम्हाला गप्प बसायला कुणी सांगितलं, तर माझं नाव सांग. लपवू नकोस.

तुझी,
अंबिका


लातूर
१८ मार्च २०२५

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. अंबिका हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

काल मी मिल सोडली. रुद्रेशला सांगितलं, उद्यापासून येत नाही. तो रागावला, मग रडवेला झाला, मग शालीचं विचारायला लागला. मी नको म्हणालो. वीरण्णाकडून कळलं की आज सकाळी त्यांनी ओल मोजायचं यंत्रच पिशवीत घालून यार्डात नेलं, आणि दुपारपर्यंत सगळा सौदा नीट झाला. हे आधी लिहिलं, म्हणजे तुझ्या मनाला चुटपुट नको.

परवा रविवारी शिरूरला गेलो होतो, एकटाच. शिवप्रसादरावांना सांग, गुडघा सांभाळा. व्यंकटीचं घर विचारत गेलो. त्याची आई लक्ष्मीबाई दारात होती. तिने मला पाहिलं आणि पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, तुमी माज्या लेकरासाठी मालकापुढं खोटं बोललाव म्हनं, लई उपकार झाले. लातूरची हवा तिथपर्यंत पोचली होती. तिला काय सांगणार? चहा ठेवू का म्हणाली, मी नको म्हणालो. चहा आता मला चालत नाही.

व्यंकटी सोयाबीनच्या गोदामावर होता. पोती उचलतो. बापाने उचलली तशीच, पाठीवर रिकामं पोतं टाकून. मला पाहून त्याने खांद्यावरचं ओझं आधी थप्पीला लावलं, हात पुसले आणि मग वाकून नमस्कार केला. आम्ही गोदामाच्या सावलीत बसलो. मी त्याला सगळं सांगितलं. तुझं नावही सांगितलं, तू म्हणालीस म्हणून.

एक्केचाळीस वर्षं मला ओळखणाऱ्या लोकांना जे दाढा टेबलावर ठेवूनही पटलं नाही, ते त्याला तोंडी सांगून पटलं. एकदाही असं कसं म्हणाला नाही. फक्त विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, श्रावणापासून. तो बोटांवर मोजत बसला. श्रावण, भादवा, अश्विन, असं करत पौषापर्यंत आला.

मी म्हणालो, पोरा, तुझा दात खरा होता, त्या दिवशी तुला ओला लागला तो ओलाच होता. मला वाटलं होतं, एवढं ऐकून त्याला बरं वाटेल. याच एका वाक्यासाठी मी आलो होतो. त्याने मान हलवली. मग हळू आवाजात बोलायला लागला. म्हणाला, उस्ताद, तो एकच दिवस न्हाई. सहा वर्षं तुमचा दात बघून माझा दात लावून घेतला. तुमी गिळलं आनि मला ओला वाटला, तर मी समजायचो की आपल्यालाच अजून येत न्हाई. घरी जाऊन पुन्हा चावून बघायचो. असं करून करून श्रावणापासून तुमच्यासारखं लागायला लागलं. आता दाणा तोंडात घेतला तर खरा काय लागतो ते मला सुधरत न्हाई. आवाज चढवला नाही, रागावला नाही. रागावला असता तर मी सोसलं असतं.

मी म्हणालो, माझ्याबरोबर चल, उदगीरच्या यार्डात माझ्या ओळखी आहेत, मी स्वतः तुला उभा करतो. तो म्हणाला, उभा करताल, पण चावून काय सांगू?

गोदामवाल्याने हाक मारली तसा तो उठला. पाठीवरचं पोतं नीट केलं. दोन पावलं गेला आणि परत आला. त्याने मला विचारलं की या पाच महिन्यांत कोणत्या कोणत्या ढिगांवर तुम्ही चुकलात तेवढं सांगा, म्हणजे तेवढंच मी मनातून काढून टाकतो, बाकीचं शिकलेलं राहील. तो थांबून राहिला होता, अंबिका. पाठ वाकवून, माझ्याकडे बघत. आणि मला सांगता आलं नाही. मला कुठे ठाऊक आहे?

तुझा,
अण्णा